परतीच्या वाटेवरचा प्रभू

पूर्वरंग



आज निरूपणाला विषय घेतला आहे शांतीचा. शांती कुठं मिळते हे तुम्हाला मी काय सांगावं? ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. सप्टेंबर आला की तुमचे पाय आपसूक बांद्र्याच्या डोंगराकडे वळतात. 8 सप्टेंबर हा पवित्र मरीयेच्या जन्माचा सण. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, आणि सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर मोत माऊलीची जत्रा. अंधेरी-बोरिवलीहून कोणी पहाटे चालत निघतं, मुलुंड-घाटकोपरहून कोणी दादरला गाडी बदलून येतं. ख्रिस्ती येतात, हिंदू येतात, पारशी येतात. कोणाच्या हातात साधी मेणबत्ती, कोणाच्या हातात मेणाचं घर, मेणाचा पाय, मेणाचं बाळ. ज्याची जी गरज, ती त्याच्या ओंजळीत. माऊलीपुढं ती ठेवली की छातीवरचा दगड उतरतो. डोळे भरून येतात. हे खोटं नव्हे, ही कृपा आहे.

पण पुढं काय होतं बघा. डोंगर उतरेपर्यंत मन हलकं असतं. वांद्रे स्टेशनच्या जिन्यापर्यंतही टिकतं. मग बोरिवली लोकल प्लॅटफॉर्मला लागते, रेटारेटी होते, कोणाचं तरी कोपर बरगडीत बसतं, आणि आपल्या तोंडून जो शब्द निघतो तो काही नोव्हेनाच्या पुस्तकातला नसतो! हसू नका, सगळ्यांचंच असं होतं. घरी येतो तर हप्त्याचा फोन वाजत असतो, म्हाताऱ्या आईचं औषध संपलेलं असतं, मुलाच्या नोकरीचं अजून काही जमलेलं नसतं. नऊ दिवसांत मिळवलेली शांती नऊ तासांत खर्च होते. आणि मग मनात एक प्रश्न येतो, जो आपण कोणाला बोलून दाखवत नाही. देव डोंगरावरच राहिला का? माझ्या बिऱ्हाडात तो यायचा नाही का?

या प्रश्नाचं उत्तर आज शोधायचं आहे. नुसतं उत्तर नको, वागायचं कसं तेही पाहिजे.

शांती म्हणजे काय?

आधी शब्द नीट समजून घेऊ. आपण म्हणतो, "जरा शांती द्या हो," म्हणजे आपल्याला म्हणायचं असतं, कटकट थांबवा. आवाज बंद, भांडण बंद, बिलं बंद. पण प्रभू येशू ज्या लोकांत वाढला त्यांच्या भाषेत शांतीला शालोम म्हणतात. शालोम म्हणजे पूर्णपणा, सगळं जागच्या जागी असणं, मोडलेलं पुन्हा सांधलं जाणं. भांडं फुटलं तर घरात आवाज होत नाही म्हणून ते काही नीट होत नाही. ते सांधावं लागतं. तसा माणूस देवाशी सांधला जातो, त्याला शालोम म्हणायचं.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांना आपली शांती देऊन ठेवली, आणि बजावलं की जग देतं तशी ही शांती नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढून घरी वाचा. आता रात्र कोणती होती ते पाहा. त्याच रात्री त्याला धरून नेणार होते, दुसऱ्या दिवशी क्रूसावर देणार होते. सगळं सुरळीत चाललं असताना दिलेली ही शांती नाही. संकट दाराशी उभं असताना दिलेली आहे.

संत पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिलं ते तुरुंगातून, हातात बेड्या असताना. त्यात तो म्हणतो की कशाचीही चिंता करत बसू नका, जे लागेल ते आभार मानून देवाला सांगा, म्हणजे देवाची शांती तुमच्या अंतःकरणावर पहारा करील. हा पहाऱ्याचा शब्द मूळ ग्रीक भाषेत सैनिकी आहे. वेशीवर शिपाई उभा राहतो तो पहारा. आता आपल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. वॉचमन असला म्हणून पाऊस थांबतो का? रस्त्यावरचे हॉर्न थांबतात का? नाही. पण कोण आत येणार आणि कोण नाही, हे तो बघतो. तशी देवाची शांती. चिंता दाराशी येणार, ती यायची थांबणार नाही. पण ती घरात घुसून पलंगावर पसरणार नाही, एवढी व्यवस्था ही शांती करते.

तेव्हा तात्पर्य हे, की शांती ही गोष्ट डोंगरावरून पिशवीत भरून आणायची नाही. ती दाराशी उभी ठेवायची आहे. आणि वॉचमन वर्षातून एकदा आला तर काय उपयोग? तो रोज लागतो.

दोन दगडी खुणा

आता तुम्हाला आपल्याच उपनगरातल्या दोन जागा दाखवतो. लांब जायला नको. अंधेरी पूर्वेला सीप्झ आहे, 1973 साली सुरू झालेलं. तिथं दागिने घडतात, संगणकाची कामं होतात, हजारो लोक कार्ड दाखवून आत जातात. त्या कुंपणाच्या आत एक जुनं चर्च आहे, बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचं. येशूसंघीय धर्मगुरूंनी ते 1579 साली बांधलं. जवळजवळ अडीचशे वर्षं तिथं मिस्सा झाल्या, बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली. मग 1840 च्या सुमारास साथ आली, माणसं हलली, मरोळला नवं चर्च झालं, आणि जुन्याचं छप्पर गेलं. भिंती आणि कमानी उभ्या राहिल्या. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथं मिस्सा होते. लोक प्रेमाने जातात, वाडवडिलांची आठवण काढतात, आणि परत येतात. उरलेलं वर्ष कमानीत वारा आणि पाखरं.

दुसरी जागा याहून लहान. मरोळ, चकाला, आंबोली, कलिना, कुर्ला, तिकडे गोराई, कुठल्याही जुन्या गावठाणात शिरा. दोन घरांच्या मध्ये, गल्लीच्या तोंडाशी, कधी भर रस्त्यात, एक क्रूस उभा दिसेल. उंची माणसाएवढी किंवा थोडी जास्त. पायाशी मेणाचे ओघळ, गळ्यात झेंडूचा हार. कितीतरी क्रूसांवर साल कोरलेलं आहे, आणि त्यांतले पुष्कळ प्लेगच्या काळातले आहेत.

1896 साली मुंबईत प्लेग आला. मांडवीला डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तो पहिल्यांदा ओळखला. पाहता पाहता शहर रिकामं होऊ लागलं. घरात सकाळी उंदीर मेलेला दिसला की संध्याकाळपर्यंत माणसाच्या जांघेत गाठ. औषध नाही. कोणाला हात लावायची भीती, दूर गर्दीत जायची भीती. अशा वेळी आपल्या ईस्ट इंडियन गावांतल्या लोकांनी काय केलं? कोळी, कुणबी, मिठागरावर राबणारी माणसं ती. त्यांनी आपल्या वाडीच्या तोंडाशी क्रूस उभा केला, आणि रोज दिवेलागणीला त्याच्यापुढं जमून प्रार्थना म्हणू लागले. देवळापर्यंत जाता येत नाही, तर देवाची खूण दाराशी आणली.

आता मला कोणी विचारील, "महाराज, क्रूस उभा केल्यावर प्लेग थांबला का?" खरं तेच सांगायला हवं. प्लेग पुढे कितीतरी वर्षं मुंबईत येत राहिला. प्रार्थना म्हणणाऱ्यांच्या घरीही माणसं गेली असतील. तरी त्या लोकांनी क्रूस उखडून टाकला नाही. जे वाचले ते आभार मानायला येत राहिले, ज्यांचं माणूस गेलं ते रडायला येत राहिले. आज सव्वाशे वर्षांनंतरही मे महिन्यात त्या क्रूसांपुढं रोझरी होते, लदीन म्हटली जाते, आणि नंतर चणे वाटले जातात. प्लेग गेला, क्रूस राहिला. कारण तो क्रूस भीतीतून उभा राहिला खरा, पण टिकला तो रोजच्या भेटीमुळे.

आता या दोन जागा मनात शेजारी शेजारी ठेवा. एक भव्य चर्च, जिथं वर्षातून एकदा माणूस जातो. एक लहानसा क्रूस, ज्याच्यापुढं येता-जाता रोज कोणीतरी थांबतं, चप्पल काढतं, कपाळाला हात लावतं. त्या जुन्या चर्चचा काही दोष नाही, तेही पवित्रच आहे. पण मी विचारतो तुमच्या-माझ्या मनाबद्दल. आपलं मन या दोहोंपैकी कोणतं? जत्रेपुरतं उघडणारं, की गल्लीच्या तोंडाशी रोज उघडं असणारं?

नळाची वेळ

मग रोज काय करायचं? इथं लोक घाबरतात. म्हणतात, "आम्हाला वेळ कुठं? पाच छप्पनची गाडी पकडायची असते." ठीक आहे. एक दृष्टांत ऐका.

आपल्या चाळीत पाणी कधी येतं? ठरलेल्या वेळी. पहाटे पाचला म्हणा, तासभर. घरातली बाई काय करते? पाणी आणायला ती तलावावर जात नाही, पाऊस पाडत नाही, पंप बनवत नाही. ते सगळं दुसऱ्याने केलेलं आहे. तिचं काम एवढंच, की ठरल्या वेळी उठायचं आणि नळाखाली बादली ठेवायची. तेवढं केलं की दिवसभर घरात पाणी. तेवढं चुकलं की भर पावसाळ्यातसुद्धा घर कोरडं, शेजारणीकडे तांब्या घेऊन जायची पाळी. श्रोतेहो, कृपा देवाची, नळ त्याचा, पाणी त्याचं. प्रार्थना म्हणजे बादली वेळेवर खाली ठेवणं.

म्हणून आपल्या पूर्वजांनी वेळा ठरवल्या. दानीएल बाबेलात परक्या राजाच्या दरबारी नोकरीला होता, मोठ्या हुद्द्यावर. तो दिवसातून तीनदा यरुशलेमेकडची खिडकी उघडून गुडघे टेकत असे. राजाने मनाई काढली तेव्हाही त्याने खिडकी लावून घेतली नाही. आपल्या चर्चची घंटाही तीनदा वाजते, सकाळी, भर दुपारी बाराला आणि संध्याकाळी. ही आंजेलसची घंटा. देवदूताने मरीयेला निरोप दिला, तिने होकार दिला, आणि देवाचा शब्द मनुष्य होऊन आपल्यात राहायला आला, याची आठवण त्या प्रार्थनेत आहे. जुनी माणसं घंटा ऐकली की शेतात कोयता खाली ठेवून उभी राहत. आता ट्रॅफिकमध्ये घंटा ऐकू येत नाही, कबूल. मग मोबाईलला सांगा की तीनदा वाज. एरवी तो शंभरदा वाजतोच, त्यातले तीन देवाला दिले तर काही बिघडत नाही.

सकाळची वेळ सोपणं करण्याची. सोपणं म्हणजे दिवस देवाच्या हाती देणं. अंथरुणातून पाय जमिनीला लागण्याआधी, मोबाईल हातात घेण्याआधी, क्रूसाची खूण करा, आणि आज ज्या एका गोष्टीची धास्ती वाटते तिचं नाव घ्या. साहेबांची भेट असेल, रिपोर्ट यायचा असेल, घरमालक येणार असेल. ती गोष्ट नावानिशी सांगा. मोघम सांगू नका. डॉक्टरपुढं आपण "बरं नाही" एवढंच सांगून उठतो का? कुठं दुखतं ते दाखवतो.

दुपारची वेळ आठवणीची. एक मिनिट. डबा उघडताना आभार माना. तो डबा ज्या हातांनी भरला त्या हातांसाठी एक वाक्य बोला.

रात्रीची वेळ उजळणीची. लोयोलाचे संत इग्नाती यांनी सोळाव्या शतकात ही रीत घालून दिली. त्यात पाच पायऱ्या आहेत, बोटांवर मोजा. पहिली, आज जे मिळालं त्याबद्दल आभार. दुसरी, स्वतःला खरं पाहता यावं म्हणून देवाकडे उजेड मागणं. तिसरी, सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून नेणं. चौथी, जिथं चुकलं तिथं क्षमा मागणं. पाचवी, उद्यासाठी एक लहान निश्चय. दहा मिनिटं पुरतात. दुकानदार रात्री गल्ला मोजल्याशिवाय शटर ओढत नाही, मग आपण आपला दिवस न मोजता कसा बंद करायचा?

स्वयंपाकघरातला संत

कोणी म्हणेल, या तीन वेळा ठीक, पण मधले सगळे तास? ते तर भांड्यांत, फायलींत आणि गर्दीत जातात. त्यासाठी एका साध्या माणसाची ओळख करून देतो. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये निकोला एर्मां नावाचा शिपाई होता. लढाईत जखमी झाला, पुढे पॅरिसमध्ये कार्मेलाइट मठात दाखल झाला, आणि त्याचं नाव पडलं ब्रदर लॉरेन्स. शिक्षण नव्हतं, म्हणून त्याला मठाच्या स्वयंपाकघरात लावलं. मौज अशी की स्वयंपाकाच्या कामाचा त्याला मुळातच कंटाळा! पण त्याने ठरवलं, कढई हलवायची ती देवाच्या प्रीतीसाठी. हळूहळू त्याला असं होऊ लागलं की गुडघे टेकून प्रार्थना करताना जशी देवाची जवळीक, तशीच भांड्यांच्या खणखणाटात. पाय अधू झाल्यावर तो बसून मठातल्या लोकांच्या वहाणा शिवू लागला. 1691 साली तो वारला. मोठमोठे विद्वान त्याला विचारायला येत, की बाबा, तुझी युक्ती काय?

युक्ती एवढीच. काम सुरू करताना देवाला एक वाक्य, मध्ये आठवण झाली की एक वाक्य, संपताना एक वाक्य. विसरलो, तर विसरल्याचं दुःख करत न बसता पुन्हा वळायचं. बायांनो, पोळी लाटताना हे जमतं. रिक्षावाल्या दादांनो, सिग्नलला जमतं. लोकलमध्ये भजनी मंडळं टाळ घेऊन गाताना तुम्ही पाहता ना? विरारपासून चर्चगेटपर्यंत ती माणसं देवाचं नाव घेत जातात. प्रवास तोच, गर्दी तीच, पण उतरताना त्यांचे चेहरे पाहा. आपल्याकडे टाळ नसेल, बोटांत जपमाळ तर आहे. ती नसेल तर दहा बोटं आहेत.

आणि देवाशी कोणत्या भाषेत बोलायचं? घरी बोलता त्या. मरोळचं ते चर्च बांधलं गेलं त्याच 1579 साली थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू गोव्यात उतरले. परदेशातला माणूस, पण त्यांना आपली मराठी इतकी गोड लागली की त्यांनी प्रभूचं चरित्र सुमारे अकरा हजार ओव्यांत गायलं. ते ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं. पुढं नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं दिली. टिळकांनी हाती घेतलेलं ख्रिस्तायन 1919 साली त्यांच्या जाण्याने अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. शाळेत न गेलेली बाई ती! तेव्हा आपली बोली देवाला कळेल का, शब्द चुकतील का, ही शंका मनातून काढा. आईजवळ बोलताना कोणी व्याकरण बघत नाही.

दोन अडथळे

आता रोज प्रार्थना करणाऱ्याच्या वाटेत दोन धोंडे येतात. ते न सांगता पुढं गेलो तर मी तुम्हाला अर्धीच वाट दाखवली असं होईल.

पहिला धोंडा, मन लागत नाही. माळ हातात फिरते आणि मन बाजारात. ऐका, मन पळालं हे तुमच्या लक्षात आलं, ती जागच देवाची. लहान पोर अंगणातून रस्त्याकडे पळालं तर आई त्याला फटके मारत बसते का? उचलून आत आणते. दहा वेळा पळालं, दहा वेळा आणते. प्रार्थनेच्या पंधरा मिनिटांत मन वीस वेळा पळालं आणि तुम्ही वीस वेळा परत आणलं, तर तुम्ही वीस वेळा देवाकडे वळलात. ती प्रार्थना वाया गेली असं कोण म्हणेल?

दुसरा धोंडा मोठा आहे. देव ऐकत नाही. इथं मी हळू बोलतो, कारण इथं बसलेल्यांत, आणि वाचणाऱ्यांत, असे आहेत ज्यांनी मेणाचं बाळ वाहिलं आणि पाळणा हलला नाही. ज्यांनी रात्र रात्र रोझरी म्हटली आणि माणूस सकाळी गेला. त्यांना "तुमचा विश्वास कमी पडला" असं जो सांगतो, त्याचं ऐकू नका. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने आपल्या पित्याकडे मागितलं होतं, की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून टळू दे. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता का? टळला नाही, पण त्याला बळ देणारा देवदूत आला, असं लूक सांगतो. जे मागितलं ते मिळालं नाही, जो हवा तो मात्र जवळ होता.

म्हणून दुःखात प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर सुचवू नका. नुसते बसा. क्रूसापुढं जाऊन उभे राहा. प्लेगच्या दिवसांत आपल्या आज्या-पणज्या उभ्या राहिल्या तशा. रागावला असाल तर रागवा, स्तोत्रसंहितेत देवावर रागावलेली माणसं पानोपानी आहेत. आणखी एक करा. एकटे राहू नका. ज्या दिवशी तुम्हाला प्रार्थना म्हणवत नाही, त्या दिवशी तुमच्या गल्लीतल्या चार जणांना ती म्हणू द्या आणि तुम्ही नुसते मागं बसा. लदीन अनेकांनी मिळून म्हणायची असते ती याचसाठी. एकाचा आवाज बसला तर दुसरा ओळ उचलतो.

उत्तररंग : अम्माऊसचं आख्यान

आता सगळं निरूपण एका आख्यानात बांधतो. लूकाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय.

यरुशलेमेत वल्हांडणाची जत्रा भरली होती. देशोदेशीचे यात्रेकरू आलेले. त्याच जत्रेत येशूला धरलं आणि क्रूसावर मारलं. तिसऱ्या दिवशी दोघेजण शहर सोडून निघाले. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं नाव शास्त्राने दिलेलं नाही. तिथं तुम्ही आपलं नाव घाला. ते चालले होते अम्माऊस नावाच्या खेड्याकडे. अंतर साधारण अकरा किलोमीटर. म्हणजे समजा अंधेरीहून बोरिवली.

मोठ्या आशेने ज्याच्या मागं लागलो तोच गेला, अशी त्यांची अवस्था. मनात सगळी राख. चालता चालता तेच तेच बोलत होते, जसे आपण दुःखात बोलतो. तेवढ्यात मागून एक वाटसरू आला आणि त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागला. त्याने विचारलं, काय बोलताय? दोघे थबकले, तोंडं उतरलेली. म्हणाले, तुला काहीच माहीत नाही? आणि सगळी कर्मकथा त्याला सांगितली. येशूची गोष्ट येशूलाच सांगितली! त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं. पण बघा, त्याने मध्ये तोडलं नाही. सगळं बोलू दिलं. मग मोशेपासून सुरुवात करून शास्त्र उलगडून दाखवलं.

गाव आलं. दिवस कलला होता. तो पुढं जायच्या बेतात दिसला. त्यांनी त्याला आग्रह केला, की रात्र झाली, आमच्याकडेच राहा. आपल्याकडे पाहुण्याला म्हणतो तसं, "आता कुठं जाता, जेवूनच जा." तो आत आला. जेवायला बसले. त्याने भाकर घेतली, आशीर्वाद मागितला, मोडली, आणि त्यांना दिली. त्याच क्षणी त्यांचे डोळे उघडले. हा तर प्रभू! आणि ओळखताच तो दिसेनासा झाला.

श्रोतेहो, जागा कोणती होती? यरुशलेमेचं मंदिर नव्हे, जत्रेचं मैदान नव्हे. परतीची वाट, आणि घरातलं जेवणाचं पान. त्यांनी त्याला देवळात ओळखलं नाही, भाकर मोडताना ओळखलं. पण लक्षात घ्या, त्यासाठी त्यांनी एक गोष्ट केली होती. घरात बोलावलं होतं. न बोलावता तो पुढं निघून जाणार होता. देव दार फोडून येत नाही, दाराशी थांबतो.

आणि मग ते दोघे काय करतात? रात्र झाली म्हणून पाहुण्याला थांबवणारे हेच लोक, त्याच घटकेला उठतात आणि अकरा किलोमीटर परत चालत यरुशलेमेला जातात, भावांना सांगायला. अंधार तोच, वाट तीच, पायही तेच दमलेले. आत मात्र सांधा जुळला होता. याला म्हणतात शालोम.

तर भाविकांनो, जत्रेला जरूर जा. डोंगर चढा, मेणबत्ती लावा, माऊलीच्या पदराला हात लावा. पण परत येताना प्रभूला तिथंच ठेवून येऊ नका. तो वांद्र्याच्या जिन्यावर तुमच्यामागून उतरतो आहे, गाडीत तुमच्या शेजारी उभा आहे, कोपर त्यालाही लागतं आहे. त्याला घरी बोलवा. आज रात्रीपासूनच करा. ताटावर बसाल तेव्हा पहिला घास हातात घेऊन क्षणभर थांबा, आणि घरी बोलता त्याच बोलीत त्याला म्हणा, "राहा आमच्याकडे." एवढीच आजची साधना. उद्या सकाळी पाय जमिनीला लागण्याआधी दुसरं वाक्य, दुपारी डब्यापाशी तिसरं. चाळीस दिवस करून पाहा. अडचणी सगळ्या तशाच असतील कदाचित. पण दाराशी पहारा बसलेला असेल.

ज्यांच्या घरी आज दुःख आहे, त्यांच्याबरोबर तो चालो. ज्यांचे शब्द संपले आहेत, त्यांच्याजवळ तो बसो. ज्यांच्या घरी भाकर मोडली जाते, त्यांचे डोळे तो उघडो. आमेन.

बोला, प्रभू येशू ख्रिस्त महाराज की जय!